बचावाचा वकील आणि आपले लेखक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पोराबाळांना सांगतो; आणि रंगमंचावर आरोपीचा पिंजरा उभा राहिला की पदरचे पैसे मोडून पहिल्या रांगेचे तिकीट काढतो. मराठी प्रेक्षकाचे हे वेड जुने आहे. कोर्टाचा अंक असलेले नाटक सहसा पडत नाही. साक्षीदार अडखळतो, न्यायाधीश चष्मा सारखा करतो, कुणीतरी टेबलावर हात आपटतो, आणि थिएटर श्वास रोखून बसते. असे असूनही ह्या सगळ्या गर्दीत एक माणूस बेपत्ता आहे, आणि त्याची खबर ह्या दिवाळी अंकात द्यावी असे पुष्कळ दिवस मनात होते. तो माणूस म्हणजे आरोपीचा वकील.

वाचक म्हणतील, हे कसे? वकील तर प्रत्येक नाटकात असतो. असतो खरा, पण तो काय करतो ते पाहावे. तो बोलतो. टाळ्या घेतो. शेवटच्या प्रवेशात एखादी चिठ्ठी किंवा एखादा विसरलेला साक्षीदार पुढे आणतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात दिवसभर बसून पाहिले, तर ह्यातले काहीही घडताना दिसत नाही. आणि जे घडते ते आपल्या लेखनात सापडत नाही. हा प्रश्न केवळ वास्तवाच्या तपशिलाचा असता तर त्यासाठी मी शाई खर्च केली नसती. कायद्याची पुस्तके फार थोडे लोक वाचतात. बाकी सगळ्यांचे कायद्याचे शिक्षण नाटकसिनेमांतून होते. ते शिक्षण चुकीचे झाले तर त्याची किंमत गावातला एखादा वीस वर्षांचा मुलगा मोजतो.

सुरुवात शूद्रकापासून करू. ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांमुळे मराठी घराघरांत पोचले. त्याचा नववा अंक हा आपल्या परंपरेतला पहिला मोठा कोर्टाचा प्रवेश. शकाराने बागेत वसंतसेनेचा गळा दाबला आहे. ती मेली असे समजून तो निघून गेला, आणि आता स्वतःच फिर्यादी होऊन चारुदत्तावर खुनाचा आरोप ठेवतो आहे. कायद्याच्या काट्यावर तोलले तर हा खून नव्हेच, कारण वसंतसेना जिवंत आहे. हे जीवघेण्या मारहाणीचे प्रकरण आहे, आणि पिंजऱ्यात भलताच माणूस उभा आहे. अधिकरणिक भला आहे. श्रेष्ठी आणि कायस्थ मदतीला आहेत. पुरावा असा : आईने सांगितले की मुलगी चारुदत्ताकडे गेली होती, शिपाई म्हणाला की ती त्याच्या गाडीतून बागेकडे निघाली होती, आणि भर कोर्टात मैत्रेयाच्या काखेतून तिचे दागिने खाली पडले. चारुदत्त लाजतो, अडखळतो, आणि शेवटी जगण्याचाच वीट आल्यासारखा गप्प होतो.

त्याला वकील नाही. एखादा नवखा वकील जरी शेजारी उभा असता, तरी तीन प्रश्नांत खटला ढिला झाला असता. बागेत सापडलेले प्रेत वसंतसेनेचेच, हे कुणी ओळखले? दागिने तिने स्वतःच चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत भरले होते. ते पाहणाऱ्या रदनिकेला साक्षीला का बोलावले नाही? आणि शकाराचा गाडीवान स्थावरक आहे कुठे? तो तर शकाराच्या वाड्यात बेड्या घालून कोंडलेला आहे. साक्षीदार कोंडून ठेवण्याची कला कालपरवाची नाही, हे शूद्रकाला पक्के ठाऊक होते. पण त्याने चारुदत्ताला सोडवले ते वसंतसेनेला ऐन वेळी वधस्थानी आणून, आणि राज्य उलथवून. पुराव्याने नव्हे, योगायोगाने. पुढे आपल्या लेखकांनी शूद्रकाचा हा योगायोग तेवढा उचलला. त्याचा स्थावरक मात्र वाड्यातच राहिला.

आता आपल्या काळाकडे येऊ. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आले आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे अजरामर केला. फिरत्या रंगमंचावर एकामागून एक फसवणुकी उलगडत जातात, आणि त्यांना तोंड द्यायला आरोपी स्वतःच उभा राहतो. साक्षीदारांची उलटतपासणीही तोच घेतो. अत्र्यांनी त्यात जी करमणूक साधली तिला तोड नाही. परंतु ह्या नाटकाने नकळत एक समजूत पक्की केली : बचाव म्हणजे लबाडी. पिंजऱ्यातला माणूस जितका चतुर, तितका तो गुन्हेगार. साक्षीदाराला प्रश्न विचारणे म्हणजे खऱ्याला खोटे पाडणे. खेड्यात आजही एखाद्याने चांगला वकील दिला की लोक म्हणतात, ‘मग केलंच असेल त्यानं.’

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. तेथे खेळातले कोर्ट आहे आणि आरोपी लीला बेणारे. त्यातला सुखात्मे हा सरकारी वकीलही होतो आणि आरोपीचा वकीलही. ह्या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बाईच्या कोंडीविषयी, मध्यमवर्गाच्या क्रौर्याविषयी. पण मला त्यातली सर्वांत भेदक गोष्ट ही दुहेरी भूमिकाच वाटते. जो आरोप करतो त्याच्याकडेच बचाव सोपवला, की बचावाचा नुसता उपचार उरतो. आरोपीच्या बाजूने मनापासून बोलणारा एक माणूस कोर्टात नसेल, तर कोर्ट आणि झुंड ह्यांत फरक राहत नाही, हे तेंडुलकरांनी वकिलाची खुर्ची जवळजवळ रिकामी ठेवून सांगितले. मात्र ती खुर्ची भरलेली असती तर काय घडते, हे दाखवणे त्यांच्या नाटकाचे काम नव्हते. ते काम दुसऱ्या कुणीही हाती घेतले नाही.

ह्या सगळ्या लेखनात गुन्हे मोठे असतात : खून, फसवणूक, भ्रूणहत्या. तालुक्याच्या कोर्टाच्या बोर्डावर मात्र रोज असते ती मारामारीची केस. बांधावरून झालेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेली, पोळ्याच्या मिरवणुकीत बैल पुढे कुणाचा ह्यावरून झालेली. २०२४च्या अखेरीपासून वर्तमानपत्रांनी आमच्या जिल्ह्याचे नाव मारहाण आणि दहशत ह्या शब्दांशी असे काही जोडले आहे, की परगावी गेलो तर लोक आधी त्याचीच चौकशी करतात. त्या मोठ्या प्रकरणांविषयी मी येथे लिहिणार नाही. ती न्यायालयात आहेत. पण ज्या लहान केसेसमधून गावाचे आयुष्य घडते आणि मोडते, त्यांत आरोपीचा वकील नेमके काय करतो, हे कथाकादंबरीच्या वाचकाला कधीतरी कळायला हवे.

गावाला कलमे तोंडपाठ असतात. ‘तीनशे चोवीस लागलं’, ‘तीनशे सात टाकलं’ असे पारावर सहज बोलले जाते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे आकडे बदलले. साधी दुखापत तीनशे तेवीसची एकशे पंधरा झाली, हत्याराने केलेली दुखापत एकशे अठरात गेली, खुनाचा प्रयत्न एकशे नऊ झाला. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागते. म्हणून कोर्टात दोन्ही भाषा एकदमच चालतात. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद. हाड मोडले तर ती जबर दुखापत, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. तीच धारदार हत्याराने झाली तर जन्मठेपेपर्यंत. आमच्याकडे ऊसतोडीचा कोयता प्रत्येक घरात असतो. नवराबायकोच्या जोडीलाच मुळी ‘एक कोयता’ म्हणतात. ज्या वस्तूवर संसार चालतो तीच भांडणात हाती आली, की सात वर्षांची जन्मठेप होऊ शकते. कादंबरीकाराला ह्याहून मोठे नाट्य कोणते हवे?

वकिलाचे काम ह्या पायऱ्यांवरच चालते. तो आधी जखमेचा दाखला वाचतो. दाखल्यात ‘हाड मोडले’ असे लिहिले आहे, पण एक्स-रेची प्लेट कोर्टात आली आहे का? ती काढणाऱ्याची साक्ष झाली का? नसेल, तर जबर दुखापत साध्या दुखापतीवर उतरू शकते. हाड मोडलेले नसताना जखमी किती दिवस तीव्र वेदनेत होता, हेही पाहिले जाते. जुन्या कायद्यात त्याला वीस दिवस लागत, नव्यात पंधरा पुरतात. मग डॉक्टर पिंजऱ्यात येतात. आरोपीचा वकील आवाज न चढवता विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, ही जखम दगडावर पडल्यानेही होऊ शकते?’ डॉक्टर म्हणतात, ‘होऊ शकते.’ एवढेच. टाळी नाही, पडदा नाही. पण ह्या दोन शब्दांवर कधी कधी एका माणसाची सात वर्षे टांगलेली असतात.

नंतर फिर्यादीची पाळी. भांडण सकाळी झाले, पोलीस ठाणे चार कोसांवर, मग फिर्याद दुसऱ्या दिवशी का? मध्ये कुणाचा सल्ला घेतला? ‘आज तुम्ही कुऱ्हाडीचे नाव घेतले; पोलिसांना दिलेल्या जबाबात ते का नाही?’ साक्षीदार सगळे एकाच भावकीतले का? आणि आरोपीच्या अंगावरही जखमा होत्या, त्या कुणी केल्या? हा प्रश्न क्षुल्लक नाही. आरोपीच्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही तर त्याची सबंध हकीकतच संशयास्पद ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली लक्ष्मीसिंग विरुद्ध बिहार राज्य ह्या निकालात सांगितले. गावात म्हणूनच मारामारी झाली की दोन्ही बाजू ठाण्याकडे धावतात. एक फिर्याद, तिला उलट फिर्याद. पुष्कळ वेळा दोन्ही खोट्या नसतात. दोन्ही अर्ध्या असतात. आणि स्वतःच्या बचावासाठी हात उगारण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे. प्रश्न असतो तो कुणी आधी उगारला आणि कुणी गरजेपेक्षा जास्त उगारला, ह्याचा.

मग तारखा. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे गाड्या भरून ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. आणि कोर्टाची तारीख पडते पौषात. आरोपी फडात, पुकारा कोर्टात. वकिलाने हजेरी माफीचा अर्ज दिला नाही, किंवा कोर्टाने तो नाकारला, तर अजामीनपात्र वॉरंट निघते. ज्या गुन्ह्यात कदाचित एक दिवसाचीही शिक्षा झाली नसती, त्यात हा माणूस वॉरंटावर पकडला जाऊन कच्च्या कैदेत बसतो. तुरुंग टाळणे म्हणजे काय, ह्याचा अर्थ येथे कळतो. पुष्कळदा तो एका साध्या अर्जाचा आणि वेळेवर हजर असलेल्या वकिलाचा प्रश्न असतो. पंचनामा वाचता न येणाऱ्या माणसाचे म्हणणे कोर्टाला समजेल अशा भाषेत सांगणे, हेही त्याच वकिलीचे अंग. १९४८पर्यंत, निजामी अमलात, येथल्या कोर्टाची भाषा उर्दू होती आणि पक्षकाराची मराठी. तेव्हाचा वकील दुभाष्याचेही काम करीत असला पाहिजे. आज भाषा एकच असली तरी दुभाष्याची गरज संपलेली नाही.

आणि पुरावा पक्का असला तरी? दोष सिद्ध झाला तरी तुरुंगच हवा असे नाही, हे आपल्या कोणत्याही नाटकाने सांगितलेले नाही. १९५८चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर माणसाचे वय, स्वभाव आणि प्रसंग पाहून कोर्ट त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि जखमीला भरपाई द्यायला लावू शकते. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर कोर्टाला आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगात पाठवायचेच असेल तर त्याची कारणे लिहावी लागतात. मी शिक्षक आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे माळावर धावणारी मुले रोज पाहतो. जत्रेतल्या एका हाणामारीने त्यांतल्या एखाद्याच्या नावापुढे गुन्हा लागतो आणि धावणे थांबते. ह्या कायद्याचे नाव त्याच्या घरात कुणी ऐकलेले नसते. लखोबा मात्र सगळ्यांना पाठ असतो.

येथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, की हे वकिलांचे स्तोत्र झाले. तसे नाही. ह्याच मार्गांची काळी बाजूही आहे, आणि लेखकाने ती झाकली तर तो लेखक कसला? साधी दुखापत आणि हत्याराविना झालेली जबर दुखापत ही प्रकरणे जखमी माणसाच्या संमतीने आपसात मिटवता येतात, आणि मिटले की कायद्याच्या दृष्टीने आरोपी निर्दोष. हत्याराचा वार आणि खुनाचा प्रयत्न तालुक्याच्या कोर्टात मिटवता येत नाहीत. पण उच्च न्यायालय तडजोड पाहून काही प्रकरणे रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१४ सालच्या निकालांत म्हटले, आणि गंभीर गुन्ह्यांत सांभाळून राहण्याची ताकीदही दिली. सख्ख्या भावांचे भांडण असे मिटले तर कोर्टाच्या बाहेर चहा होतो, आणि तो पाहून बरे वाटते. पण फिर्यादी सालगडी आणि आरोपी मालक असेल तर? संमती कुणाची आणि कशी मिळाली? पंच फुटतात, साक्षीदार फितूर होतात, जखमी माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, ‘अंधार होता, कोण मारलं दिसलं नाही.’ शकाराने स्थावरकाला बेड्या घातल्या. आजचा शकार त्याची उचल फेडतो, किंवा त्याचे पाणी तोडतो. म्हणूनच १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अटकपूर्व जामिनाला प्रतिबंध केला आणि अठरा वर्षांवरील दोषीला परिवीक्षेची सवलत नाकारली. ज्या समाजात दयेची वाटणी आधीच विषम आहे, तेथे कायद्याला दयेचेही दार काही जणांपुरते लावून घ्यावे लागते.

तेव्हा प्रश्न असा, की चांगला वकील आणि शकाराचा वकील ह्यांत फरक काय? अवजारे दोघांची एकच. दाखल्यातली चूक दोघेही शोधतात, तारीख दोघेही मागतात. माझ्या मते फरक एका जागी पडतो. चांगला वकील पुरावा तपासतो. दुसरा साक्षीदार विकत घेतो. चांगला वकील कोर्टाला म्हणतो, ‘सिद्ध करा’; दुसरा साक्षीदाराला म्हणतो, ‘विसर’. ही रेघ बारीक आहे, आणि केस हातात असताना ती दर दिवशी नव्याने ओढावी लागते. ज्या माणसाला रोज ही रेघ ओढावी लागते, ज्याची फी थकलेली आहे, ज्याच्या अशिलाने खरोखरच कोयता चालवला आहे आणि तरीही जो त्याच्यासाठी उभा आहे, तो माणूस मराठी कादंबरीचा नायक का होऊ नये?

एका कृतीने ह्या माणसाकडे नीट पाहिले आहे, आणि ती कादंबरी नाही, चित्रपट आहे. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ २०१४ साली आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्याने एका गटार कामगाराने आत्महत्या केली. त्याचा वकील विनय व्होरा एकही टाळीचे वाक्य बोलत नाही. तो कामगाराच्या विधवेला शांतपणे विचारीत जातो, आणि हळूहळू कळते की तो बिचारा कोणत्याही संरक्षक साधनाविना गटारात उतरत होता. आत्महत्येच्या कथेला तडा जातो तो असा, रोजच्या कामाच्या तपशिलाने. सरकारी वकीलबाईही खलनायिका नाहीत. संध्याकाळी त्या घरी जाऊन स्वयंपाक करतात. प्रेक्षकांतले काही कंटाळले, असे ऐकले. त्यांना दोष देववत नाही. आपण त्यांना टेबलावर हात आपटणाऱ्यांचीच सवय लावली आहे. परंतु ‘कोर्ट’ मुंबईचा आहे आणि त्यातला वकील सुखवस्तू घरातला. अशिलाचा जामीनही तो स्वतःच्या पैशाने भरू शकतो. केज-माजलगावच्या कोर्टात, एका हाताने फाईल आणि दुसऱ्या हाताने मोटारसायकल सावरत येणाऱ्या वकिलाची कथा अजून कुणी लिहिलेली माझ्या तरी वाचनात नाही.

ग्रामीण साहित्याने आपल्याला पाटील दिला, तलाठी दिला, मास्तर तर उदंड दिले. मारामारीही पुष्कळ दिली. काठ्या उगारल्या जातात, रक्त सांडते आणि प्रकरण संपते. गावात मात्र प्रकरण तेथून सुरू होते. पुढची पाच-सात वर्षे दोन्ही घरांतले कर्ते पुरुष एकाच एसटीने तारखेला जातात, एकाच झाडाखाली भाकरी सोडतात, आणि एकमेकांकडे न पाहता परत येतात. त्या झाडाखाली एक तिसरा माणूस उभा असतो. मळका काळा कोट, हातात दोऱ्याने बांधलेले कागद. तो विचारतो, ‘एक्स-रे आणला का?’ हा प्रश्न ज्या कादंबरीत पहिल्यांदा गंभीरपणे विचारला जाईल, तिची मी वाट पाहतो आहे. ती लिहिणाऱ्याने कृपा करून शेवटी वसंतसेनेला धावत आणू नये. स्थावरकाच्या बेड्या कोण आणि कशा तोडतो, एवढेच खरेखरे सांगावे.